दारूगोळा भांडाराच्या फाटकासमोर शांततेत उभं राहायचं असेल तर

पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार, देवळी तालुक्यात सोनेगाव (आबाजी) जवळचं जुना दारूगोळा नष्ट करायचं मैदान, भद्रावतीची आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळची जवाहरनगरची आयुध निर्माणी. विदर्भात अशा ठिकाणांच्या तारेला लागून वावरं आहेत, गुरं चरतात, शाळा भरतात. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारात रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेल्या शेडला आग लागली आणि १९ जण गेले. आगरगाव, नागझरीच्या लोकांना रातोरात घर सोडावं लागलं. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगावच्या मैदानावर स्फोटात ६ जण गेले, त्यात रोजीवर गेलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला स्फोटात ८ कामगार गेले.

आत काय ठेवलंय हे विचारायचा आपल्याला हक्क नाही आणि ते विचारूही नये. आत काही झालं तर बाहेरच्या गावाचं काय, हे मात्र विचारता येतं, आणि फाटकासमोर जमून विचारता येतं. शांततेनं आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे. पण तहसीलवर मोर्चा नेण्याची सवय असलेले लोक इथं गडबडतात. तिथं जे चालतं त्यातलं निम्मं इथं गुन्हा ठरू शकतं, आणि उरलेल्यातलं काही जिवावर बेतू शकतं.

आधी मागणी, मग तारीख

मागण्या तीन, फार तर चार. प्रत्येक मागणी कोणत्या तरी एका अधिकाऱ्याच्या हातातली असावी. ‘भांडार हटवा’ या मागणीला जिल्ह्यात उत्तर देणारा कोणीच नसतो, त्यामुळे ती कागदावरच राहते. त्याऐवजी हे मागा: स्फोट झाला तर गाव रिकामं करायचा रस्ता कोणता आणि गाड्या कोण देणार, भोंगा वाजला तर त्याचा अर्थ काय, हे गावात जाहीर करा, कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या मजुरांचा विमा, हजेरी आणि सुरक्षेची साधनं दाखवा, बांधकामबंदीमुळे अडकलेल्या घरांचा आणि प्लॉटांचा निर्णय द्या. शेवटच्या मागणीचं मूळ १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायद्यात आहे. त्यानुसार संरक्षण ठिकाणाच्या हद्दीपासून २,००० यार्डांपर्यंत, म्हणजे जवळपास १,८३० मीटर, बांधकामावर बंधनं घालता येतात, आणि नुकसानभरपाईची तरतूदही त्याच कायद्यात आहे. गावात बंधनाची चर्चा रोज होते, भरपाईची क्वचितच.

मागण्यांवर ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्याच असतात, मधल्या काळात विशेष सभा बोलावता येते. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत निवेदनाला जोडली की ‘चार बाहेरच्या लोकांनी भडकावलं’ हा आरोप टिकत नाही. हा एक कागद दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असावाच लागतो. तो आधी मागवा. जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणून हा अर्ज सभेच्या किमान दीड महिना आधी गेला पाहिजे. आराखड्यात तुमच्या गावाचं नाव आहे का, निवाऱ्याची जागा कुठली लिहिली आहे, हे वाचून फाटकासमोर बोलणारा माणूस आणि नुसताच ओरडणारा माणूस यांत अधिकाऱ्यांना लगेच फरक कळतो.

उभं कुठं राहायचं

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. फाटक दिसतं तिथं लष्कराची जमीन सुरू होते असा समज असतो. बऱ्याच ठिकाणी ती फाटकाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. फाटकासमोरचा डांबरी तुकडा, बाजूची मोकळी जागा, कधी बसथांब्यामागची झाडं, हे सगळं संरक्षण विभागाचं असू शकतं. तिथं पाय ठेवला की तुम्ही सभेला आलेले राहत नाही, घुसखोर होता. काही ठिकाणी भिंतीवर गोळी घालण्याचा इशारा रंगवलेला असतो. तो शोभेसाठी नसतो.

म्हणून आठ-पंधरा दिवस आधी तलाठ्याकडे जाऊन गट नंबर काढा, सातबारा बघा, गावनकाशावर रस्ता आणि हद्द बोटानं दाखवून घ्या. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटाची आकृती दिसते, पण तिच्यावर विसंबून जमिनीवर उभं राहू नका. दहा-पंधरा मीटरची चूक तिथं सहज होते. शंका राहिली तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. हद्दीचे दगड किंवा सिमेंटचे खांब शोधण्यासाठी तारेच्या कडेनं फिरू नका. त्या फिरण्यालाच टेहळणी समजलं जाऊ शकतं. गावातल्या जुन्या गुराख्याला विचारा, त्याला ते खांब पाठ असतात.

चांगली जागा म्हणजे ग्रामपंचायतीचं मैदान, गावठाणातली मोकळी जागा, नाहीतर सार्वजनिक रस्त्याची मातीची साइडपट्टी. फाटकापासून दोनशे-तीनशे मीटर दूर असली तरी चालेल. फाटकाला चिकटूनच उभं राहायचा हट्ट करू नका. रस्त्यावर थांबायचंच असेल तर डांबर मोकळं ठेवा. एकेरी रस्ता पावणेचार मीटरचा असतो, त्यावर पाच माणसं आडवी उभी राहिली की रुग्णवाहिकाही अडते. शाहीनबाग प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून ठेवता येत नाही. त्यामुळे सुरुवातीची आणि संपायची वेळ आधी जाहीर करा, आणि संपायची वेळ झाली की खरंच संपवा.

अर्ज आणि पोच

अर्ज ठाणेदाराकडे द्यायचा, प्रती उपविभागीय दंडाधिकारी, तहसीलदार आणि भांडाराचे कमांडंट यांना. किमान सात-आठ दिवस आधी. त्यात तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, नेमकी जागा गट नंबरसह, येणाऱ्या लोकांचा अंदाज, येण्याचा रस्ता, गाड्या कुठं लावणार, ध्वनिक्षेपक वापरणार का, आणि तीन जबाबदार माणसांची नावं व मोबाइल नंबर. आकडा फुगवू नका. पाचशे लिहून ऐंशी आले तर हसं होतं. ऐंशी लिहून पाचशे आले तर बंदोबस्त अपुरा पडतो आणि पोलीस घाबरतात, ते जास्त वाईट. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारखेची पोच घ्या. ‘साहेब आल्यावर घेऊ’ म्हटलं तर थांबा, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

त्याच वेळी एक विचारा: जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ लागू आहे का? सणासुदीच्या काळात जिल्हादंडाधिकारी कार्यालयातून हा आदेश निघतो, साधारण १५ दिवसांचा, आणि एक संपला की दुसरा निघू शकतो. कलम ३७(१) खाली काठ्या, सोटे, दगड, पुतळे बाळगण्यावर आणि जाळण्यावर मनाई असते. ३७(३) खाली परवानगीशिवाय जमण्यावर आणि मिरवणुकीवर. झेंड्याची बांबूची काठी पहिल्या भागात येते. कापडी फलक दोघांनी हातात धरायचा, काठी नको. पऱ्हाटीची नाही, तुरीची नाही, कसलीच नाही. जुन्या १४४ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं आहे, त्याचाही आदेश आहे का ते बघा.

बहुतेक वेळा आदल्या दिवशी एक शिपाई नोटीस घेऊन घरी येतो. पूर्वी तिला लोक ‘१४९ ची नोटीस’ म्हणत, आता ती याच संहितेच्या कलम १६८ ची. ही अटक नाही, आरोप नाही. गुन्हा घडू नये म्हणून दिलेली ताकीद आहे. घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा, एक प्रत मागा. नोटीस नाकारली तर शिपाई तसा पंचनामा करतो आणि तुमची बाजू कमकुवत होते. परवानगी लेखी नाकारली असेल तर जागा किंवा वेळ बदलून पुन्हा अर्ज करा, नाहीतर वकिलाकडे जा. नाकारलेल्या जागेवर ‘बघू काय होतं’ म्हणून गावाला नेऊ नका. तिथं जे होतं ते सोबत आलेल्या म्हाताऱ्यांना आणि बायांना सोसावं लागतं.

दिवस आणि वेळ

कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत सभा ठेवली तर मजूर येणार नाही. किलोमागे मिळणारी वेचणीची रोजी बुडवून कोणी का यावं? आठवडी बाजाराचा दिवसही टाळा. डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ बरा, दिवस थंड आणि तुलनेनं मोकळे. वेळ सकाळी साडेदहा ते दीड. भांडारात पाळी बदलते त्या वेळी मात्र फाटकाजवळ थांबू नका. आत काम करणारी माणसं तुमच्याच गावची असतात, त्यांची वाट अडली की गावच दोन गटांत फुटतं.

मार्चनंतर सभा घ्यायचीच असेल तर सकाळी सात ते साडेनऊ, त्यापुढे नाही. वर्धा-पुलगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो.

सोबत काय, घरी काय

घरी ठेवायच्या वस्तूंची यादी इथं जास्त महत्त्वाची आहे. आगपेटी, लायटर, बिडी, फटाके, मशाल, कंदील, पेट्रोलची बाटली, जनरेटर, चूल. हिवाळ्यापासून तारेच्या आजूबाजूचं गवत वाळलेलं असतं, एक थोटूक टाकलं की आग वाऱ्यासोबत तारेकडे धावते, आणि तारेच्या आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नसलं तरी कशासाठी तार घातली आहे ते ठाऊक आहे. पुतळा जाळणं आणि टायर पेटवणं तर अजिबात नको. निषेध कितीही तीव्र असो, इथं विस्तव नाही. हवेत सोडायचे कागदी दिवे आणि गॅसचे फुगेही नाहीत. विळा, कोयता, खुरपं वावरातून परस्पर येणाऱ्यांच्या हातात असतं, त्यांना ते वाटेत कोणाच्या घरी ठेवायला सांगा. दुर्बीण नको, ड्रोन तर नावाला नको. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे कोणी पिऊन आला तर सभेची बदनामी आणि त्याच्यावर गुन्हा, दोन्ही एकदम होतात.

सोबत घ्या: आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, दुपट्टा, पाण्याची बाटली, रोजची औषधं दोन वेळची, फल्लीदाणे आणि गूळ, एक पेन, आणि दोन मोबाइल नंबर कागदावर लिहिलेले. तेच नंबर पेननं मनगटाच्या आतल्या बाजूला लिहून घ्या. मोबाइल बंद पडतो किंवा जमा करून घेतला जातो, तेव्हा कोणालाच आपल्या लेकाचा नंबर पाठ नसतो.

पाण्याचा हिशेब हिवाळ्यात माणशी २ लिटर, उन्हाळ्यात ४. दोनशे माणसांना हिवाळ्यात ४०० लिटर, म्हणजे २० लिटरचे २० जार. निम्मे लोक घरून बाटली आणतात असं धरून बारा जार ठेवले तरी भागतं, पण उन्हाळ्यात अशी काटछाट करू नका. उन्हात साधं पाणी पुरत नाही: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर उलटी होते, म्हणून अंदाजानं टाकू नका. कोणाला ऊन लागलं, म्हणजे अंग तापलं, बरळायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर त्याला पाणी पाजत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, काखेत आणि मानेला ओला थंड दुपट्टा लावा, पंखा घाला आणि १०८ ला फोन करा.

बायांसाठी लघवीची सोय ही पाण्याइतकीच आधी ठरवायची गोष्ट आहे. ती नसली की बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी एकेकीला भोवळ यायला लागते. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा दोन-तीन घरच्या बायांना आदल्या दिवशी विचारून ठेवा, बादल्या भरून ठेवा, आणि कुठं जायचं हे सभेच्या सुरुवातीलाच बायांमध्ये फिरून सांगा, माइकवरून नाही.

येताना एसटी किंवा काळीपिवळी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं भरणं बेकायदेशीर आहे आणि पोलिसांना रस्त्यातच थांबवायला ते आयतं कारण मिळतं. बंडीही नको, भोंग्यानं बैल बुजतात. गाड्या किमान अर्धा किलोमीटर आधी, एका बाजूला, तोंड परतीच्या दिशेनं करून लावा. चाव्या ड्रायव्हरनं जवळ ठेवाव्यात आणि ड्रायव्हरनं गाडीपासून लांब जाऊ नये. गाव रिकामं करायची वेळ आली तर हीच वाहनं लागतात.

फाटकासमोर

पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक. सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाचा दुपट्टा, म्हणजे पोलिसांना कोणाशी बोलायचं ते कळतं. स्वयंसेवकानं तोंड लोकांकडे ठेवायचं, पाठ फाटकाकडे. त्याचं काम घोषणा देणं नाही. आपली रेघ कोणी ओलांडत नाही ना, नवीन कोण घुसलं, कोणाच्या हातात काय आहे, हे बघणं. जमिनीवर चुन्याची एक सरळ रेघ मारून घ्या, हद्दीच्या किमान वीस मीटर अलीकडे. ‘रेघेच्या पुढे कोणी नाही’ एवढी एक सूचना सगळ्यांना समजते.

पहाऱ्यावरचा जवान तुमच्याशी बोलणार नाही. त्याला बोलायची परवानगी नसते, ते उद्धटपण समजू नका. त्याला हाक मारू नका, पाणी द्यायला पुढं जाऊ नका, लहान पोराला त्याच्याकडे पाठवू नका. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ च्या कलम ७ मध्ये प्रतिबंधित जागेच्या आसपास पहाऱ्यावरच्या जवानाला किंवा पोलिसाला अडवणं, दिशाभूल करणं, त्याच्या कामात आड येणं यासाठी ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. यात ‘आसपास’ महत्त्वाचं, तारेच्या बाहेरही हे कलम लागतं. जवानाविरुद्ध एकही घोषणा नको. १९ जण गेले त्यात आग विझवायला धावलेलेच जास्त होते. गावातले माजी सैनिक असतील तर त्यांना पुढच्या ओळीत बसवा. ते काय बोलू नये हे नेमकं जाणतात.

लाल झेंडी लावलेल्या किंवा पुढे-मागे पहाऱ्याच्या जिपा असलेल्या गाड्या आल्या तर सगळ्यांनी लगेच साइडपट्टीवर सरकायचं आणि गाड्या जाईपर्यंत गप्प बसायचं. त्या मोजू नका, नंबर लिहू नका, गाडीच्या जवळ जाऊ नका. रेल्वेच्या साइडिंगवर, म्हणजे भांडाराकडे जाणाऱ्या रुळांवर, बसणं हे आंदोलन नाही, अपघाताला बोलावणं आहे.

ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. बॅटरीवरचा हातातला एक भोंगा दोनशे लोकांना पुरतो. भाषणं पाच, प्रत्येकी पाच मिनिटं, त्यातलं एक तरी कंत्राटी मजुराच्या घरच्या बाईचं. खुद्द मजुरानं बोलू नये. त्याचा गेटपास गेला की घरची चूल बंद होते, आणि त्याचं नाव घेऊन त्याचे उपकार फेडता येत नाहीत. तारेच्या आत काय असतं, किती असतं, कुठली शेड कुठं आहे, कोणी काय पाहिलं, हे कोणीही माइकवर बोलायचं नाही. असं बोललेलं वाक्य व्हिडिओत राहतं आणि बोलणाऱ्याच्या गळ्याशी येतं.

मध्येच स्फोटाचा आवाज आला तर? नाश करायच्या मैदानावर ठरलेले स्फोटही होतात, म्हणून घाबरून पळू नका, पण थांबूही नका. सभेचा प्रमुख ‘उठा, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं चला’ एवढंच सांगेल. म्हाताऱ्यांना आणि पोरांना गाडीत बसवायचं, बाकीच्यांनी चालायचं, धुराच्या दिशेनं नाही, धुराच्या बाजूनं. ‘आत इतके मेले’ असा मेसेज कोणी ग्रुपवर टाकायचा नाही. ग्रुप आधीच ‘फक्त ॲडमिन’ करून ठेवा. मैदानाकडच्या शिवारात पितळ, लोखंड, तोफगोळ्याचं टरफल दिसलं तर हात लावू नका, लाथ मारू नका, जागेची खूण लक्षात ठेवून ११२ ला कळवा. भंगाराचे चार पैसे मिळतात म्हणून पोरं ते उचलतात, त्यांना सभेच्या सुरुवातीलाच हे सांगा.

निवेदन द्यायला पाच जण, नावं आधी कळवलेली. कमांडंट स्वतः बाहेर आले पाहिजेत असा आग्रह धरला तर दुपार जाते आणि लोक चिडतात. तहसीलदार किंवा भांडाराचा जो अधिकारी येईल त्याला द्या. प्रत मराठीत आणि सोबत हिंदीत, कारण आतले बरेच अधिकारी बाहेरच्या राज्यांतले असतात आणि मराठी प्रत भाषांतराच्या नावाखाली पडून राहते. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतायचं नाही.

फोटो

कॅमेऱ्याची पाठ फाटकाकडे, तोंड लोकांकडे आणि गावाकडे. चौकटीत फाटक, भिंत, मनोरा, दिव्याचे खांब, जवान, गाडी काही नको. सेल्फीत मागची बाजू येते हे पोरं विसरतात, म्हणून सेल्फी थेट बंद. लाइव्ह करू नका, कारण लाइव्हमध्ये चुकून आलेलं काढून टाकता येत नाही. फोटोवर ठिकाण नोंदवायची सेटिंग बंद ठेवा. गुपिते अधिनियमाच्या कलम ३ खाली लष्करी ठिकाणांच्या बाबतीत १४ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ती देशाच्या सुरक्षिततेला बाधक हेतूसाठी आहे हे खरं, पण हेतू वागण्यावरूनही ठरवला जाऊ शकतो. फोटो काढणारे दोघंच ठेवा, बाकीच्यांचे मोबाइल खिशात. मजुरांचे चेहरे टाळा. बाहेरगावचा पत्रकार आला तर त्यालाही हेच सांगा, आणि परदेशी पाहुण्याला या सभेला आणू नका. त्याचा हेतू स्वच्छ असला तरी दुसऱ्या दिवशीच्या बातमीत गावाच्या मागण्या नसतात, फक्त तो असतो.

ताब्यात घेतलं तर

पोलीस अधिकारी ‘उठा’ म्हणाला तर स्वयंसेवक एकदाच विचारेल: ‘आदेश लेखी आहे का, कोणत्या कलमाखाली?’ उत्तर काहीही आलं तरी झटापट नाही, गाडीखाली झोपणं नाही. महाराष्ट्रात सभा-मोर्चातल्या लोकांना सहसा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली ताब्यात घेतात आणि संध्याकाळी ६९ खाली सोडतात. ही अटक नसते. गाडीत बसताना आपली नावं मोठ्यानं सांगा, बाहेरचा एक माणूस ती लिहून घेईल: नाव, गाव, वेळ, गाडीचा नंबर, ठाणं. सुटताना सगळे सुटले का ते याच यादीवरून कळतं.

अटकच असेल तर कारण सांगितलं पाहिजे, अटक मेमोवर साक्षीदाराची सही पाहिजे, घरच्याला किंवा मित्राला कळवलं पाहिजे, चौकशीत वकिलाला भेटता आलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, आणि तेव्हाही महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. कोरा किंवा न वाचलेला कागद सही करू नका. वाचता येत नसेल तर ‘वाचून दाखवा’ म्हणा, आणि अंगठा द्यायच्या आधी दुसऱ्या कोणाकडून ऐकून घ्या. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, मिळकत कितीही असो. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

नंतर काही दिवसांनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून बाँडची, म्हणजे शांतता राखण्याच्या हमीपत्राची, नोटीस येऊ शकते. जुनी ‘१०७ ची चॅप्टर केस’, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. अशा तारखेला गैरहजर राहणं हीच मोठी चूक ठरते. वकील घेऊन जा, अर्जाच्या पोचा आणि १६८ च्या नोटिशीची प्रत सोबत ठेवा.

शासकीय नोकरांनी आणि शाळकरी पोरांनी फाटकासमोर येऊ नये. नोकरांना वर्तणुकीचे नियम आड येतात, आणि पोरांना पुढं बसवून मिळणारी सहानुभूती आपल्याला नको आहे.

सभा संपल्यावर

डोकी मोजा, चुन्याची रेघ पुसा, पाण्याचे ग्लास, खर्ऱ्याच्या पन्न्या, फलकाचे दोरे, सगळं उचला. दुसऱ्या दिवशी निवेदनाची आवक क्रमांकासह प्रत खासदार, आमदार आणि संरक्षण मंत्रालयाला पाठवा. पंधरा दिवसांनी जिल्हाधिकारी कार्यालयात एक पान लिहून विचारा की आमच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली. उत्तर नाही आलं तर त्याच विषयावर माहिती अधिकाराचा दुसरा अर्ज, फक्त ‘आवक क्रमांक अमुकवर झालेल्या टिपणीची प्रत’ एवढाच. ३० दिवस झाले की पहिलं अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, पुढच्या ३० दिवसांच्या आत. तारखा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, म्हणजे सरपंच बदलला तरी अपील चुकत नाही.